सुटलो तर खंय जातलो?

नाहूरला आमच्या सोसायटीची रंगरंगोटी करणारा पेंटर मालवणी आहे. ब्रश कानावर, चहा बशीतून आणि बोलणं भिंतीशी. धनुर्धारी काढावा तर त्यानेच. पण काढून झाला, की तो भिंतीला गाल लावतो, एक डोळा मिटतो आणि बाणाच्या रेषेत बघत राहतो. "बाण सुटलो तर खंय जातलो, बघूक नको?"

गेल्या महिन्यात त्याने इमारतीच्या दर्शनी भिंतीवर झकास वीर काढला. संध्याकाळी वर्धापनदिनाचे पाहुणे यायचे होते. याने गाल लावला, बघितलं आणि वीराचे दोन्ही हात पुसून टाकले. बाणाच्या रेषेत तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी येत होती. नेम वर धरला, तर पहिल्या मजल्यावर बाळाची दुपटी वाळत होती. उलट बाजूला वळवला, तर वॉचमनची खुर्ची.

सेक्रेटरी ओरडले, "अरे, चित्र आहे ते! वाट लावलीस माझी!"

"चित्र खोटा, पण माणसां खरी आसत ना," तो भिंतीलाच म्हणाला.

पाहुणे आले तेव्हा वीर छाती काढून उभा होता. नजरेत जरब, प्रत्यंचा कानापर्यंत ताणलेली आणि नेम थेट स्वतःच्याच पायाच्या अंगठ्यावर.