वाकडी बंदूक

कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं माझ्या बायकोच्या मामांना उभ्या आयुष्यात जमलेलं नाही. देवानं हे जग एकदा तपासायला म्हणून त्यांच्याकडे पाठवलं असतं, तर त्यांनी पृथ्वीचा कललेला आस सरळ करून ते परत दिलं असतं आणि सोबत दोन पानी सूचना जोडल्या असत्या. मामा साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. जन्मभर माणसांना मिलिग्रॅमच्या मापानं झोपवलं, ती सवय निवृत्तीनंतर घरावर उलटली. चहाची पत्ती ते वजन करून घालतात. आम्ही ब्रॅकनेलहून निघालो की फोनवर टायरमधली हवा विचारतात आणि पोचल्यावर स्वतः मोजतात, कारण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा नाही. नवा टोस्टर आणला त्या दिवशी त्यांनी अख्खा ब्रेड खर्ची घातला आणि कुठल्या आकड्यावर कसा रंग येतो ते बघायला सगळे टोस्ट ओट्यावर ओळीनं मांडून ठेवले. मामींनी संध्याकाळी त्यांचा चिवडा केला.

अशा माणसाच्या हाती दोन वर्षांपूर्वी ठासणीची बंदूक आली. म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, आणि मग एकदाच बार काढायचा, ती. ज्या इंग्रज सर्जनबरोबर मामांनी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, त्यांची ही शिकारीची बंदूक. तरुणपणी ते अमेरिकेत नोकरीला होते तेव्हा त्यांनी ती घेतली होती आणि तिच्यासह एकदाच शिकारीला गेले होते. चाळीस पावलांवर हरीण उभं होतं, आडवं, अगदी स्थिर. नेम चुकला. ही हकीकत त्यांनी तीस वर्षांत मामांना किमान शंभरदा सांगितली असेल, आणि शेवट दर वेळी एकच: “बंदूकच वाकडी होती, डॉक.” आता सर्जन पंच्याऐंशीचे झाले होते, हृदय थकलं होतं, आणि लेकीच्या घरी राहायला जाताना त्यांनी बंदूक मामांच्या हवाली केली.

हवाली केली म्हणजे रीतसर, लायसन्स काढून. चौकशीला घरी पोलीस अधिकारी आला. त्यानं विचारलं, ही तुम्हाला कशासाठी हवी? मामांनी पाऊण तास उत्तर दिलं. मामींनी पोहे दिले. अधिकारी जाताना मामींना हळूच म्हणाला, “यांना धोकादायक म्हणता येणार नाही. फक्त सविस्तर आहेत.” मामींनी हे नागपूरला बहिणीला फोनवर सांगताना “हे हल्ली दारूच्या नादी लागलेत” एवढंच सांगितलं आणि नेमका फोन कट झाला. पुढचे दोन दिवस नागपूरहून समजुतीचे फोन येत होते.

मग सुरू झाले ते आठ महिने. बेसिंगस्टोकच्या पलीकडे एका क्लबची रेंज आहे, तिथे दर दुसऱ्या रविवारी आम्ही जायचो. मी वही धरायची: वारा, थंडी, दारूचं माप, गोळी कुठे लागली. पहिल्या दिवशी पन्नास यार्डांवरून मारलेल्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. मी म्हटलं, “वा मामा, सगळ्या कागदावर आहेत की.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पेशंट ऑपरेशनच्या मध्येच उठून बसलाय. मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बशीत आणायच्या. पाचही.”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. आधी गोळ्या. प्रत्येक गोळीचं वजन झालं. हलकी भरेल तिच्या पोटात हवेची पोकळी असणार म्हणून ती बाद. मग चिंधी. बार झाला की चिंधी पुढे उडून पडते. सगळ्यांचं फायरिंग थांबल्यावर मामा पुढे जाऊन ती चिमट्यानं उचलायचे आणि एक्स-रे बघावा तशी उजेडाकडे धरायचे. मधोमध जळलेली दिसली की कापड पातळ आहे. उशीचे अभ्रे झाले, माझा एक शर्ट झाला. शेवटी मामींनी नागपूरहून आणलेल्या गादीच्या खोळीचं जाड कापड लागलं आणि चिंधी शाबूत बाहेर आली. मामा ती घेऊन जवळजवळ धावत आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. “बघ, बघ, एक धागा जळला नाही.” चिंधीला वंगण म्हणून खोबरेल झालं, मग साजूक तूप. तुपाच्या रविवारी सगळ्या रेंजवर पंगतीचा वास सुटला आणि शेजारचा एक धिप्पाड इंग्रज नेम सोडून हुंगत बसला. शेवटी मेण जमलं.

एवढं करूनही गोळ्या वर-खाली जात होत्या. मग एका रविवारी मामांनी डिकीतून मामींचा वजनकाटा काढला. बंदुकीचा दस्ता काट्यावर उभा टेकवायचा आणि गज असा दाबायचा, की दर वेळी काटा त्याच आकड्यावर यावा. गोळी कधी घट्ट, कधी सैल बसते, हाच रोग होता. त्या दिवशी दर बारानंतर नळी पुसून, काट्यावर ठासून मारलेल्या पाचातल्या चार गोळ्या बशीत आल्या. मीसुद्धा एव्हाना इतका पेटलो होतो, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये वहीवर बशा काढत बसायचो. काटा काही मामींना परत मिळाला नाही. “माझं वजन आता कुणालाच माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “आठ महिन्यांत तेवढं एक बरं झालं.”

सप्टेंबरात सर्जनच्या लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत, आणि बाबा विचारताहेत की बंदुकीचं काय झालं. मामा तिला म्हणाले, त्यांना रेंजवर घेऊन ये.

व्हीलचेअरवर, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन, कानांवर आवाज अडवणारे मोठे संरक्षक लावून सर्जन आले. फार वाळले होते. मामांनी काट्यावर गोळी ठासली. पहिली बसली. दुसरी, तिसरी, चौथी तिच्या शेजारी. पाचव्या वेळी मामांनी काट्यावरचा आकडा दोनदा तपासला. बार झाला, धूर निवला. मी टार्गेटचा कागद घेऊन आलो आणि त्यावर घरून आणलेली बशी ठेवली. बशीबाहेर एकही भोक दिसेना.

सर्जननी बशी उचलली, कागद बघितला, पुन्हा बशी ठेवली. मग मामांकडे वर बघून विचारलं, “म्हणजे बंदूकच वाकडी होती ना, डॉक?”

“फार वाकडी,” मामा म्हणाले. “सरळ करायला आठ महिने लागले.”

म्हातारे सर्जन कितीतरी वेळ मान डोलवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मी दुसरीकडे बघायला लागलो.

परतताना विंचेस्टर जवळ आलं. मी म्हटलं, “मामा, पहिल्या दिवशीचा कागद वहीत आहे. त्यातली सगळ्यात वाईट गोळीसुद्धा चाळीस पावलांवरच्या हरणाला लागली असती.”

“लागलीच असती.”

“मग त्यांचा नेम चुकला कसा?”

“तो हात मी तीस वर्षं समोरून बघितलाय,” मामा म्हणाले. “तो चुकत नाही. नसेल मारावंसं वाटलं. पण बरोबरच्या मंडळींना तसं सांगणार कसं? सांगितलं, बंदूक वाकडी.”

“तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं?”

“हो.”

“मग आठ महिने कशासाठी?”

“अरे, सरळ केली असं सांगायचं तर करायला नको?”

सर्जन डिसेंबरात गेले. अंत्यविधी झाल्यावर मामा म्हणाले, जरा पाण्याकडे जाऊन येतो. मी येऊ का विचारलं, तर म्हणाले, “ये, पण बोलू नकोस.” आम्ही दोघं किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो. समोरून कंटेनर लादलेलं एक मोठं जहाज संथपणे बाहेर चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मामा बघत राहिले.

“ऑपरेशन करताना तो गुणगुणायचा,” मग ते म्हणाले. “सुराचा पत्ता नसायचा. तीस वर्षांत मी एकदाही त्याला सांगितलं नाही.”