रोट सोडून सगळं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोन दिवस कुठंतरी जायचं ठरलं. मी राजस्थानातल्या एका हॉटेलाचे फोटो बायकोला दाखवले. आमचं मूळ गाव तिकडचं. पण जळगावात कापडाचं दुकान घालून आम्हाला तीन पिढ्या झाल्या.

ती म्हणाली, "दिवसभर आपण गिऱ्हाइकांशी त्यांच्या बोलीत बोलतो. त्यांच्या चुलीपाशी कधी बसलोय का?"

मी हॉटेलाचे फोटो बंद केले.

मग तिनं शिंदखेड्याजवळच्या एका अक्कांना फोन लावला. पोरींच्या लग्नांचे बस्ते अक्कांनी आमच्याकडेच बांधले होते. श्रावण होता, त्यांच्याकडे खानदेशातली कानबाई देवी बसणार होती. "जरूर या," अक्का म्हणाल्या, "पन रोट आम्हना भाऊबंदकीनाच शे. तो तुम्हले देता येत नही." कानबाईचा रोट, म्हणजे तिचा प्रसाद, घराबाहेर जात नाही. सांगताना त्यांचा आवाज अवघडला होता. बायको म्हणाली, "अक्का, दर्शन झालं तरी पुष्कळ."

रविवारी धुळ्यात मुक्काम केला, झणझणीत शेवभाजी खाल्ली आणि सोमवारी सकाळी गावात पोचलो. कानबाईला निरोप द्यायला बाया निघाल्याच होत्या. नथ घातलेली, नारळाची देवी डोक्यावर घेऊन अक्का पुढं, मागं डफ. कुणीतरी बायकोचा हात धरून तिला फुगडीत ओढलं. पन्नाशीला आलेली माझी बायको गरागरा फिरत होती आणि मी पिशवी सांभाळत हसत होतो.

नदीवरून परतल्यावर अक्कांनी आम्हाला शेजारणीच्या ओट्यावर नेलं. तिथं चूल पेटलेली, वर उपडं खापर. "घरमा रोट शे, म्हनीसन तुम्हनासाठे आठे न्यारं करेल शे," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशीचा उपास, रात्रीचं जागरण, आणि तरी ही बाई आमच्यासाठी हातांवर पुरणाचे मांडे फिरवत होती. बायकोनंही एक करून पाहिला. तो कोपरापाशीच फाटला. सगळ्या हसल्या. तो मांडा मीच खाल्ला, भरपूर तूप घालून.

निघताना अक्कांनी बायकोची ओटी भरली. ती नको नको म्हणत होती.

"लेकले रिकामं कसं धाडू?" अक्का म्हणाल्या.

बायकोचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झालीत. भाऊ नाही, त्यामुळे माहेरचं दार कायमचं बंद झालेलं. गाडीत ती ओटीतले तांदूळ पदरात धरून बसली होती. धुळं मागं पडल्यावर म्हणाली, "दिवाळीनंतर त्यांना चार दिवस आपल्याकडे बोलवू."

मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच अक्कांना फोन लावून दिला.