शरदच्या हातचे पिकू

बाळ रडलं की शरद आपले हात कुठे ठेवत असेल?

वसुधाबाईंच्या मनातून हा प्रश्न सकाळपासून जात नव्हता. भातात मीठ घालायचं आधी राहिलं, मग दोनदा पडलं. शेवटी त्यांनी भात तसाच झाकून ठेवला आणि मागच्या दारी पाण्याच्या दगडी डोणीपाशी जाऊन बसल्या.

सकाळी निपाणीहून मालुबाई आली होती. शरदच्या घरी ती धुणंभांडी करायची. खासबागेत भाचीचं लग्न होतं म्हणून बेळगावला आली आणि येताना शरदची पितळी बरणी घेऊन आली. गेली तीन वर्षं त्या बरणीतून शरद आईकडचे मासे निपाणीला न्यायचा. आता ती रिकामी होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली.

"शरदअण्णांनी सांगितलंय, आता लागायची न्हाय म्हणून," मालुबाई म्हणाली.

"लागायची नाही म्हणजे? मासे नकोत?"

"मासं कुठलं घेऊन बसलाय आक्का! शेवटची जोडी परवाच गेली. काचंची पेटी पन देऊन टाकली त्या चित्राच्या मास्तरास्नी." मालुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आनि एक सांगू का नको, असं झालंय."

"सांग."

"पोरगी पालथी पडाय लागलीया न्हवं? काल पलंगावर ठेवलती. सरकत सरकत कडंला आली. अण्णा शेजारीच हुभं. आनि वरडत्यात काय, 'पद्मा, ये! पद्मा, लवकर ये!' हात मागं धरून! म्या राखंच्या हातानं पळत आलो आनि धरली बघा."

"त्यानं का नाही धरली?"

"तेच की वो. जल्मल्यापासनं एकदा उचलली न्हाय. वैनी रडत्यात. मी इचारलं तर म्हनले, 'माझ्या हातात काय टिकत न्हाय मालुबाई.' हसत हसतच म्हनले. पर ते हसनं लई वंगाळ होतं."

मालुबाई चहा पिऊन लग्नघरी गेली. बरणी ओट्यावर राहिली.

शरद लहानपणापासून शांत. इतर मुलं विटीदांडू खेळत तेव्हा हा मुंग्यांच्या रांगेपाशी बसून असे आणि जेवायला हाक मारली की म्हणे, "एवढी एक जाऊ दे." त्याला बी.एस्सी. व्हायचं होतं. इंटरच्या वर्षी वडील गेले. ते हायस्कुलात मास्तर होते. मागे राहिलं ते दोन खोल्यांचं घर, पुस्तकांचं कपाट आणि वसुधाबाईंचं स्वतःचं कॉलेजातलं इंटरपर्यंतचं शिक्षण, ज्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. एका ओळखीनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शरदला काम मिळालं. तक्रार त्यानं तेव्हा केली नाही आणि नंतरही केली नाही. वसुधाबाईंना तेच सोसत नसे. भांडला असता तर बरं झालं असतं.

माशांचा नाद लागला तो गुंजीला. पद्मजाचे वडील गुंजी स्टेशनवर बुकिंग क्लार्क. मुलगी बघायला मंडळी गेली, पोहे झाले, मुलगी बाहेर आली, तर मुलगा जागेवर नाही. शोधाशोध केली तेव्हा तो स्टेशनामागच्या ओहोळात धोतर खोचून उभा. पाहुण्यांना दिलेल्या पाण्याच्या तांब्यात त्यानं दोन मासे धरले होते. बोटाएवढे, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, आणि डोक्यावर एक पांढरा ठिपका, पाण्यात तारा पडावा तसा.

"पिकू आहेत ते," पद्मजा मागून म्हणाली. "आणि तांब्या आमचा आहे."

दोघांमधलं हे पहिलं बोलणं. लग्न ठरलं, तांब्याही मिळाला.

पिकू हा मोठा चिवट मासा. हौदात टाका, घागरीत टाका, तो वरच्या पाण्यावर तरंगत डासांची वाट बघत राहतो. उडी मात्र जबर, म्हणून वर फडकं बांधावं लागतं. त्याची पैदास कशी करायची ते शरदनं आपल्या आपण शोधून काढलं. मादी रोज थोडी थोडी अंडी घालते आणि ती मुळांना, काड्यांना चिकटवते. शरदनं मुळांऐवजी खासबागेतल्या विणकरांकडून सुताचा झुबका आणला. आधी आणला तो खळ लावलेला. दोन दिवसांत पाणी नासलं. मग बिनखळीचा, बिनरंगाचा आणला आणि बाटलीच्या बुचाला बांधून सोडला. संध्याकाळी झुबका उचलायचा, एकेक धागा सोडवायचा आणि मोहरीएवढी अंडी बोटांच्या चिमटीनं टिपून वेगळ्या वाडग्यात ठेवायची, नाहीतर आईबापच खाऊन टाकतात. अंडं इतकं टणक की चिमटीत फुटत नाही. पंधरा दिवसांत पिल्लू.

बेळगावला हे रोजचं काम वसुधाबाईंच्या हाती आलं आणि डोणीत पिल्लांची रास झाली. निपाणीला मात्र एकही जोडी महिनाभर जगली नाही.

तिथे त्यानं चौघांना हा छंद लावला. चित्रकलेचे केशव मास्तर, ज्योतिबा शिंपी आणि आणखी दोघं. रविवारी मास्तरांच्या ओसरीवर काचेच्या बरण्या मांडून मंडळी बसत. शरदनंच दिलेली जोडी, त्याच आडाचं पाणी, आणि मास्तरांकडे शंभरावर पिल्लं. शरदची अंडी पांढरी बुरशी धरून जात, मासे कुशीवर पडत.

"शरदअण्णा," ज्योतिबा म्हणे, "तुमी शिकवा, आमी ऐकतो. पर जरा लांबनंच बगा हां. तुमची सावली पडली की माझी मादी रुसती!"

सगळे हसत. शरदही हसे. दर दुसऱ्या शनिवारी तो कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं, काळाठिक्कर होऊन, रिकामी बरणी घेऊन बेळगावला येई. "आई, पाण्याचंच काहीतरी आहे," म्हणे. एकदा पाणी उकळून बघितलं, एकदा चुन्याची निवळी घातली, एकदा पेटीची जागा बदलली. वसुधाबाई आधी त्याला न्हाणीघरात पिटाळत. शिकेकाई लावून, घासून, अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. मग जेवण, मग डोणीकाठी बसून दोघांच्या गप्पा. चांगली जोडी निवडता निवडता रविवारची दुपार होई.

गेल्या माघात घेवड्याच्या वेलावर माव्याची कीड पडली. परसातलं काम बघणारा भरमू बादलीत कसलंसं तपकिरी पाणी घेऊन आला आणि केरसुणीनं वेलावर शिंपडू लागला. वेलाखाली पिल्लांची कुंडी होती. शिंतोडे उडाले असतील, चार की पाच. दुपारी वसुधाबाई बघतात तर सगळी पिल्लं पोट वर करून तरंगतायत.

"भरमू, काय घातलंस रे त्या पाण्यात?"

"तंबाकूचं द्याट भिजवलेत आक्का, रातभर. माव्याला मारतंय ते माशाला सोडतंय व्हय?"

वसुधाबाई कुंडीपाशी उभ्या राहिल्या आणि सगळं एकदम उलगडलं. वखारीत शरदचं काम नमुने बघण्याचं. तंबाखूचे बोद उभे रचलेले असतात, पोत्यात ठासून भरलेले. प्रत्येक बोदात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर पत्ती काढायची, तळव्यावर चोळायची, हुंगायची. दिवसभर हेच. तो चिकटा नुसत्या पाण्यानं निघत नाही, शिकेकाईनं घासावा लागतो. बोटं कायमची तपकिरी. तेच हात संध्याकाळी झुबक्यातली अंडी टिपत होते. त्याच्या लक्षात येणार तरी कसं? निपाणीत सगळं गावच तंबाखूचं. तिथे तो वास वेगळा असा कुणाला येतच नाही.

त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. 'चि. शरदास अनेक आशीर्वाद. तुझे मासे का मरतात ते मला आज समजले.' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. परवा शनिवार होता. येईल तेव्हा तोंडीच सांगू.

शनिवारी तो आला. अंघोळ करून पानावर बसला आणि म्हणाला, "आई, मासे मरतात म्हणून तरी येणं होतं बघ. एरवी वखारीतून रजा मागायला काही निमित्त नसतं."

वसुधाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. सांगितलं नाही.

त्या शनिवारी नाही, पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या नाही. घरात दुसरं माणूस नव्हतं. पंधरवडाभर शनिवारची वाट बघायची आणि रविवारी संध्याकाळी मोटारतळावरून एकटीनं परत यायचं. माशांचं काय, डोणीत ढीगभर होते. दोन गेले तर गेले, असं त्या मनाशी म्हणत. तिकडे तो मात्र दर खेपेला थोडा थोडा हरत होता. ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. आषाढात पद्मजा बाळंत झाली. नातीला बघायला त्या गुंजीला गेल्या तेव्हा शरद दाराशीच उभा होता, हात पाठीमागे. दमला असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता डोणीतले पिकू वर येऊन त्यांच्याकडे बघत होते. त्यांना मुरमुरे टाकायची वेळ झाली होती.

पत्र टाकलं तर परवा पोचेल. तोवर पोरगी किती वेळा पालथी पडेल? आणि पत्रात शब्द सावरून लिहिता येतात. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. 'तंबाखूने असे होते असे भरमू म्हणतो' एवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. कधी म्हणाला, ते लिहिलं नाही तर कुणाला कळणार होतं?

समोरच्या वकिलांकडे फोन होता. निपाणीला वखारीतही होता, पण मुनीमजींच्या गादीपाशी, दहा माणसांच्या कानांवर. लाइन इतकी खराब की ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे. वसुधाबाई जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या.

त्यांनी उठून लुगडं झटकलं, ओट्यावरची बरणी घेतली, डोणीत बुडवली आणि एक जोडी धरून तोंडाला फडकं बांधलं. मग पायात चपला सरकवून रस्ता ओलांडला.

वकिलीणबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. "या वसुधाताई! भर दुपारच्या? आणि हे मासे कुणाला?"

"शरदला. उद्याच्या मोटारीनं मीच नेणार आहे. त्याआधी त्याला फोन करायचाय. ट्रंक कॉल लावून द्याल?"

"देतील की हे. पण सगळं ठीक आहे ना? बाळ बरं आहे?"

"बाळ बरं आहे. शरदचे हातही बरे आहेत," वसुधाबाई म्हणाल्या. "ते मला वर्षभर ठाऊक होतं, आणि त्याला सांगितलं नव्हतं. मला मोठ्यानं बोलावं लागेल. तुम्हालाही ऐकू येईल, तर येऊ दे."

वकिलीणबाईंनी सूप खाली ठेवलं आणि आतलं दार उघडलं.