शेपटीखालची खूण

सासूबाई गेल्यावर आमचे सासरे सिंगापुरात यिशुनला आमच्याकडे राहायला आले आणि पहिले काही महिने त्यांनी माझं डोकं खाल्लं. लिफ्टला नावं, भाजीला नावं, शेजाऱ्यांच्या चपलांना नावं. भीमाकाठी त्यांच्या घरी तट्टांची पैदास व्हायची. आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना हात फिरवायला एक शेळीसुद्धा नव्हती. मग माझी लेक बुकित तिमाहजवळच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकू लागली, आजोबा तिच्यासोबत जाऊ लागले आणि घरातली कटकट थांबली.

तिथे एक पांढराशुभ्र स्पॅनिश घोडा होता. उतारवयाचा, पण मानेची कमान तशीच. मालकीणही स्पॅनिश, इथली बँकेतली नोकरी संपवून मायदेशी परतायच्या बेतात होती. इंग्रजी-मराठीचं भाषांतर माझ्याकडे. तिच्या भावाकडे या घोड्यांची पैदास होती, त्यामुळे तिच्या आणि बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गप्पा विहिणी-विहिणींसारख्या चालायच्या: कोणती घोडी कोणाला दाखवली, आजोबांचं नाक कोणत्या शिंगरात उतरलं. पांढरा रंग आणि भरदार मान यांसाठी तिच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड केलेली. एके दिवशी तिने शेपटी उचलून दाखवली. खाली मसुराएवढ्या काळ्या गाठी होत्या. ही आमच्या रक्ताची खूण, ती म्हणाली, जुनी माणसं ती बघितल्याशिवाय घोडा घ्यायची नाहीत.

बाबांना एवढं सांगायचीच खोटी. घोड्यांचे भोवरे आणि खुणा बघण्यातच त्यांचा जन्म गेलेला. त्यात कुलदैवत खंडोबा आणि घोडा पांढरा. चंपाषष्ठीला डबीतून भंडारा नेऊन त्यांनी घोड्याच्या कपाळाला लावला, आणि चिमूटभर त्या गाठींनाही. तेव्हा मी तोंडाला ओढणी लावून हसले होते. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मालकीण मायदेशी गेली. एवढा विमानप्रवास त्या वयात नको म्हणून घोडा इथेच राहिला. तबेल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठी लहान आहेत तोवर काढून टाकू. मालकिणीने फोनवर बाबांचं मत विचारलं, कारण घोड्याजवळ रोज तेच असायचे.

"खानदानाची खूण आहे ती," बाबा म्हणाले. "सुरी लावू नका म्हणावं."

तिलाही तेच ऐकायचं होतं.

गाठी वाढत गेल्या, मग आतही पसरल्या. लीद टाकताना घोडा कण्हू लागला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की असले घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि पुढे पांढरे होतात; रक्तातली जी गोष्ट केस पांढरे करते, तिच्यातूनच या गाठीही येतात. रंग निवडता निवडता रोगही निवडला गेला होता. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते बराच वेळ खरारा करत राहिले.

"आम्ही खूण म्हणून पूजा केली गं त्याची," एवढंच म्हणाले.

घोड्याला शेवटचं इंजेक्शन दिलं त्या सकाळी दोरी बाबांच्याच हातात होती. मला फार वाईट वाटलं, घोड्यासाठी आणि त्याहून जास्त बाबांसाठी. त्यानंतर ते तबेल्यात गेले नाहीत. भाजीला नावं ठेवणंही बंद झालं. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तर मुकाट्याने जेवून उठले.

परवा मालकिणीने फोटो पाठवला. गेलेल्या घोड्याच्या भावाचं नवं शिंगरू, काळंकुट्ट, चारी पाय फाकवून उभं.

"आजोबा, हा ब्लॅक आहे," लेक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "सेफ लाह."

बाबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"काळेच जन्मतात हे. डोळ्यांभोवती बघ, पांढरं यायला लागलंय." मग माझ्याकडे वळले. "तिला लिही. शेपटीखाली बघत राहा म्हणावं. गाठ दिसली की लगेच काढा, आमच्यासारखं करू नका."

मी लिहिलं. उत्तर लगेच आलं. येतीलच की, बापालाही आहेत. बहुतेकांना काही होत नाही, आमचं रक्तच तसं आहे. पुढे एक हसरा चेहरा.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"बघत राहते म्हणाली," मी सांगितलं.