बाजार उठल्यानंतर

विनायक गेल्याचा फोन धुळ्यातल्या देवपूरहून त्याच्या शेजाऱ्यांनी केला. मी जळगावहून एसटीनं धुळ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अक्का, त्याची थोरली बहीण, ओट्यावर बसली होती. मला पाहून नुसती सरकली, जागा दिली...

आम्ही शिंदखेड्याच्या शाळेतले मित्र. तो मुंबईत चित्रकला शिकून आला आणि जळगावात सिनेमाची बॅनरं रंगवू लागला. घराएवढे चेहरे! जवळून रंगवणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणून त्याची बायको निर्मला डबा घेऊन यायची ती रस्त्यापलीकडे उभी राहायची, आणि डावा डोळा खाली आलाय, हनुवटी जड झालीय, असं तिथून सांगायची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, काविळीनं ती गेली. त्यानंतर विनायकनं बॅनरला हात लावला नाही. ‘लांबून सांगणारं कोणी नाही,’ एवढंच म्हणाला. धुळ्यात ड्रॉइंग मास्तरची नोकरी धरली, अक्काकडे राहू लागला.

तिथंच त्यानं ते चित्र काढलं. आमच्या शिंदखेड्याच्या बाजाराचं मैदान, बाजार उठून गेलेला, पालांचे बांबू तेवढे उभे. आभाळ हिरवट. माणूस एकही नाही. फक्त चित्राच्या खालच्या कडेपासून मैदानभर पसरलेली एका बाईची लांब सावली. बाई चित्रात नाहीच. बघणारा जिथं उभा असतो, तिथूनच ती सावली निघते.

अक्कानं खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, “हाई सावली कोनी शे, विनू?”

“लांब उभी शे ती,” तो म्हणाला.

चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं. कुणी लिहिलं, ही परदेशी चित्रांची नक्कल आहे. कुणी त्याला अशीच आणखी काढायला सांगितली. पुढं जळगावच्या एका मारवाडी कापड दुकानदारानं ते हौसेनं नेलं, गादीमागच्या भिंतीवर लावलं आणि दिवाळीनंतर स्वतः परत घेऊन आला. हात जोडून म्हणाला, “चित्र चांगलं आहे मास्तर, पण गिऱ्हाईक मागं वळून बघतं.”

निर्मला गेल्यानंतर विनायक मनापासून हसलेला मला फक्त त्या दिवशी दिसला. पुढं त्यानं फारसं काही काढलं नाही. सुटीत मी जायचो. दोघं चहा प्यायचो, बोलणं थोडंच व्हायचं. तो एकटा होता, आणि त्या एकटेपणात मला शिरता आलं नाही...

तेराव्यानंतर अक्कानं ते चित्र मला दिलं. आता ते माझ्या घरी आहे. विनायक त्याच्यासमोर कधी नीट मध्ये उभा राहायचा नाही. एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, जरा बाजूला उभा राहून बघायचा.

मीही आता तसाच उभा राहतो.