रवीच्या एकतीस नाबाद धावा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. गेल्या रविवारी सांगायची संधी होती. गाव समोर बसलेलं, माझ्या खांद्यावर शाल, हातात माईक. तरी मी गप्पच राहिलो.

शाल कशाबद्दल ते आधी सांगतो. लहानपणी चिंगमबरोबर क्रिकेटवाल्यांची कार्डं मिळायची. पुढे फोटो, मागे धावा आणि विकेटी. पोरं फोटोसाठी भांडायची. मला मागची बाजू प्यारी. पुढे आमच्या गावच्या, उमेळ्याच्या टीमची तशीच कार्डं मी घरी बनवली. टुर्नामेंटच्या फॉर्मला प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो लागायचा. उरलेला एक मी मागून घ्यायचो, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचो आणि मागे आकडे लिहायचो. अंदाजाने एकही नाही. यंदा क्लबच्या पोरांनी ती कार्डं हॉलमध्ये मांडली आणि माझा सत्कार केला.

एकेक कार्ड बघितलं की माणूस उभा राहतो. स्टीफन — अनवाणी बॉलिंग टाकायचा, बूट घातले की त्याचा रनअप चुकायचा. पास्कू — कॅच सोडला की सगळ्यांत आधी स्वतःच हसायचा. आणि रवी. कामणच्या गोदामात कामाला असणाऱ्या माणसाचा मुलगा. तेव्हा तीन वर्षांपासून आमच्या आळीत भाड्याने राहणारा. सरळ बॅटने असा मारायचा की चेंडू चिकूच्या वाडीत शोधायला लागायचा.

रवी आला आणि मी बारावा झालो. खरं तर अकरावाही जेमतेमच होतो — माझी सरासरी माझ्याइतकी कुणाला ठाऊक? कॅप्टनने माझ्या हाती स्कोअरिंग दिलं. म्हणाला, "दिल्या, आकडे तुलाच जमतात." त्याला वाईट बोलायचं नव्हतं. मला लागलं.

किनाऱ्याकडच्या एका गावात गावमर्यादित सामने होते. म्हणजे खेळाडू ज्या गावाकडून खेळतो तिथलाच पाहिजे, आणि रेशनकार्ड हा पुरावा. रवीच्या घरचं रेशनकार्ड अजून त्यांच्या मूळ गावचं, पार जळगावकडचं. आमच्यात हे सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षं इथलं पाणी पितोय, मग आपलाच की — असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

सेमीफायनल होती. आयोजकांच्या टेबलाशी बसून रवीची एकेक धाव मी माझ्या हाताने मांडत होतो. एकतीस झाल्या. लोक त्याच्या नावाने ओरडत होते, परक्या गावचे लोक. शेजारी बसलेला आयोजक म्हणाला, "कोन हाय ओ हा? लय मारतो."

मी म्हणालो, "त्याचं रेशनकार्ड कुठलं आहे ते विचारा."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

सामना थांबला. आमची टीम बाद. रवी बॅट काखेत मारून थेट माझ्याकडे आला — खेळाडूंचे फॉर्म माझ्याजवळ असायचे ना. "दिलीपभाऊ, काय झालं?" म्हणाला.

"कुणीतरी सांगितलं वाटतं."

मनात म्हणत होतो, नियम तो नियम. मग तो फॉर्म भरताना का आठवला नाही मला? रवीने चार-पाचच धावा केल्या असत्या, तर आठवला असता का?

आणि मी म्हटलेला तो 'कुणीतरी' — त्याला नाव मिळायला वेळ लागला नाही. पास्कूची बहीण सामने होते त्याच गावात दिलेली. त्या वेळी तो मैदानात नव्हता. सगळ्यांसाठी सरबत आणायला तिच्याकडे गेला होता. कॅन घेऊन परत आला तर कुणी त्याच्याशी बोलेना. ग्लासाला कुणी हात लावला नाही. मला तहान लागली होती. मीही नाही लावला.

रवी पुन्हा आमच्याकडून खेळला नाही. पुढे ते विरारला राहायला गेले. पास्कूच्या लग्नात बॅन्डपुढे नाचायला टीममधलं कुणी गेलं नाही. चर्चच्या दारापर्यंत जाऊन मी मागे फिरलो. त्या रात्री रवीचं कार्ड पूर्ण केलं. आयोजकांनी त्याची खेळी धरलीच नव्हती. मी मात्र 'एकतीस, नाबाद' लिहिलं. न्याय केला, असं वाटलं मला. विचार करा — न्याय!

वर्षं गेली, राग निवला, पण थट्टा उरली. रविवारी हॉलमध्ये माईकवरचा पोरगा पास्कूच्या कार्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे आमचे पास्कूकाका. यांच्यासमोर टीम सांगू नका, बहिणीकडे पोचेल!" हॉल हसला. पास्कूची सून पहिल्या रांगेत होती, तीही हसली. पास्कू बसल्या जागेवरून ओरडला, "घाला रे, सगळं माझ्याच नावावर घाला!" आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. कॅच सोडल्यावर हसायचा तसा.

माईक नंतर माझ्या हाती आला. मी क्लबचे आभार मानले.

कार्यक्रम संपल्यावर पास्कू माझ्याजवळ आला. स्वतःचं कार्ड उलटं करून, चष्मा वर सारून वाचत होता. "दिल्या, सोडलेले कॅचपण लिहिलेस? सात?" मग बोटांवर मोजले, मान डोलावली. "सातच. तू लिहिलंस म्हंजे बरोबरच असणार."

त्याने माझी घसरलेली शाल नीट केली आणि सुनेबरोबर रिक्षाकडे गेला.

बातमी पास्कूने दिली नव्हती. तो सरबत आणायला गेला होता. बातमी मी दिली.