पापाकुऱ्यातली खंडेनवमी

मला न विचारता ज्ञान पाजळायची भारी हौस. नव्वदच्या दशकात इकडे परदेशात, पापाकुरा नावाच्या गावात, घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करायची माझी नोकरी होती, तेव्हा तर श्रोते आयतेच मिळायचे. पाय स्टुलावर, बँडेज माझ्या हातात. बिचारे पळणार कुठे?

त्यातलेच एक पोलिश गृहस्थ. मी त्यांना आजोबा म्हणायचे आणि अर्थ कळल्यापासून ते खुशीत होते. युद्धात घरच्यांपासून ताटातूट होऊन लहानपणी बोटीने इथे आलेले. मागे राहिलेला धाकटा भाऊ पुढे तिकडच्या सैन्यात अधिकारी झाला. तो वारल्यावर आजोबांनी त्याच्या कमरेला असायचं तसलंच पिस्तूल एका संग्राहकाकडून विकत घेतलं. जुनं, काळं, तळहाताहून जरासंच मोठं. संग्रहातलं पिस्तूल निकामी करून ठेवायचा इथला कायदा, म्हणून त्याची फायरिंग पिन, जिच्याशिवाय गोळी सुटतच नाही ती, ते वेगळ्या कुलपात ठेवत.

त्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली. नंतर त्यांनी मांजर शेजारणीला देऊन टाकलं. पूर्वी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माणूस मी काही म्हटलं की नुसतं 'बरं' म्हणायला लागला. मला वाटलं, चला, पेशंट शहाणा झाला!

एकदा पट्टी बांधता बांधता मी खंडेनवमीचं सांगितलं. आम्ही त्या दिवशी शस्त्रं पुजतो. घरात शस्त्र नसेल तर विळी, कात्री, जे असेल ते. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"माझ्या पिस्तुलाची पूजा करशील?"

मी हरखलेच. खंडेनवमीला सकाळीच हळदकुंकू घेऊन हजर झाले. झेंडू कुठला मिळायला, अंगणातली पिवळी फुलं तोडली. त्यांनी स्वच्छ नॅपकिनवर पिस्तूल मांडलं होतं.

"पिन काढलेली आहे. चालेल ना?"

"छे! अर्धवट वस्तू पूजेत ठेवत नाहीत, आजोबा. पूर्ण हवी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन पिन घेऊन आले. एरवी चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरायचा. पिन बसवताना अजिबात थरथरला नाही. मग त्यांनी खिशातून एक गोळी काढून शेजारी ठेवली. मी तिलाही अनामिकेने कुंकू लावलं.

निघताना त्यांनी उरलेल्या बँडेजचा खोका माझ्या हातात दिला. "दुसऱ्या कुणाला लागतील." मी थँक यू म्हणून घेतला.

ओटाहुहूला पुढचा पेशंट होता. टाकानिनीच्या सिग्नलला माझी नजर शेजारच्या सीटवरच्या खोक्याकडे गेली. आजोबांची जखम अजून ओली होती, गुरुवारी परत ड्रेसिंग होतं. मग बँडेज परत का दिली? गाडी कशी वळवली ते आठवत नाही.

दार उघडंच होतं. आजोबा टेबलाशी बसले होते. पिस्तूल हातात होतं. नॅपकिनवर गोळी नव्हती.

"आजोबा, ते खाली ठेवा."

"ती गेल्यापासून रोज कुलपातून पिन बाहेर काढून बघायचो," ते म्हणाले. "बसवायचा धीर होत नव्हता. तू म्हणालीस, पूर्ण हवी."

"मी चुकले. मला अक्कल नाही. ठेवा ना हो."

मी रडायला लागले तेव्हा कुठे त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवलं. ते उचलून मी मागच्या खोलीत बंद केलं. मग डॉक्टरांना आणि पोलिसांना फोन केला.

ऑफिसात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तू म्हणून तो माणूस वाचला, म्हणाले. पूजेचं मी कुणाला सांगितलं नाही. कारण पोलिसांनी माझ्यासमोरच आजोबांना विचारलं होतं, पिन का बसवली? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "माझ्याच मनात आलं."